मनगट मोडलं, पण कुणाच्या ड्यूटीवर?

दिल्लीतल्या एका सरकारी मनोरुग्णालयाच्या आस्थापना शाखेत दुखापतीची फाइल तयार होताना मी शेजारी बसून पाहिली. रात्रपाळीत एक रुग्ण बिथरला आणि त्याला सावरताना वॉर्डबॉयचं मनगट मोडलं. फायलीत सगळ्यात वर होता तो एक्सरे नव्हे, त्या रात्रीचा ड्यूटी रोस्टर. त्याखाली घटना-नोंदवहीची प्रत, सिस्टरचा जबाब, कॅज्युअल्टीची चिठ्ठी. लिपिक एकेका कागदावरची वेळ पेन्सिलीने गोल करत होता. घटनेची नोंद सकाळवर ढकलली असती तर हेच मनगट महिनोन्‌महिने शेऱ्यांत अडकलं असतं.

नियम उदार आहेत. जुनी हॉस्पिटल रजा आणि विशेष अपंगत्व रजा मोडीत काढून केंद्राने 2018 मध्ये कामामुळे झालेल्या आजारासाठी आणि दुखापतीसाठी एकच रजा आणली. दाखल असेपर्यंत पूर्ण पगार-भत्ते, नंतरचे सहा महिनेही पूर्ण, पुढचे बारा महिने अर्धा पगार. तिहार किंवा मंडोली तुरुंगातल्या कायम वॉर्डरलाही तीच. मात्र बराकीत वर्षानुवर्षं काढल्यावर त्याला क्षयरोग झाला, तर तो नोकरीमुळेच झाला हे दाखवणारी नोंद कुठल्या रात्रीची आणायची?

2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला बांधून ठेवण्यावर कडक बंधनं घातली. तातडीचा धोका असेल तरच आणि मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने. ते योग्यच आहे. रुग्ण काही कैदी नव्हे. पण दोरीऐवजी आता माणसाचे हात पुढे होतात, तेव्हा त्या हातांची जबाबदारीही सरकारनेच घ्यायला हवी.

त्याच वॉर्डात कंत्राटी अटेंडंटही होते. एकाच्या खांद्याला मार लागला, त्याची फाइल इथे उघडलीच नाही. त्याची वाट ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची. महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना तिथे कामाला मुकलेल्या दिवसांचे मजुरीच्या नव्वद टक्के मिळतात, पण अपघाताचा अहवाल मालकाने, म्हणजे कंत्राटदाराने, द्यायचा. रोस्टरमध्ये या माणसाचं नावच नव्हतं. तिथे नुसतं ‘अटेंडंट – 3’ लिहिलेलं. रुग्णालयाने त्या आकड्याच्या जागी तीन नावं लिहावीत. त्याला नवा कायदाही लागत नाही, वाढीव निधीही लागत नाही.