घोड्याशीच लग्न करीन म्हणणारी राजकन्या

परीकथेची फिरकी : भाग 7

मागच्या भागात आपण इंग्रज कादंबरीकार ठॅकरेच्या ‘द रोज अँड द रिंग’पाशी थांबलो होतो. 1854 च्या नाताळात आलेल्या त्या पुस्तकातली परी बारशाला येते आणि बाळाला रूप, धन, दीर्घायुष्य यांतलं काहीच न देता थोडंसं दुर्दैव देऊन जाते. (हा ठॅकरे जन्मला कोलकात्यात. त्याचा काका सेंट जॉन ठॅकरे धारवाडचा कलेक्टर होता आणि 1824 साली कित्तूरला राणी चन्नम्माच्या सैन्याशी लढताना मारला गेला. कर्नाटकात बसून लिहिणाऱ्याला हे सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही.) परीकथेची फिरकी घ्यायची ही खोड इंग्रजीत पुढे चांगलीच रुजली. मग आपल्याकडे असं कुणी केलं का? कादंबऱ्यांच्या कपाटात शोधलं तर फारसं काही हाती लागत नाही. तमाशाच्या तंबूत आणि नाटकाच्या मंचावर मात्र घबाड सापडतं. आज त्यातल्या दोन नवरदेवांची ओळख करून घेऊ. एक गाढव आहे, दुसरा घोडा.

आधी मूळ गोष्ट. शापामुळे जनावर झालेला राजपुत्र किंवा गंधर्व, त्याच्या गळ्यात बांधलेली राजकन्या आणि लग्नानंतर सुटणारा शाप, हा साचा जगभर फिरलेला आहे. विक्रमादित्याच्या जन्माची एक दंतकथा याच साच्यातली. त्याचा बाप गंधर्वसेन इंद्राच्या शापाने गाढव झालेला असतो. त्याच रूपात त्याचं राजकन्येशी लग्न लागतं. पुढे सासरा गाढवाचं कातडं जाळून टाकतो आणि शाप सरतो. ग्रिम बंधूंच्या संग्रहात 144 व्या क्रमांकाला अशीच एका गाढवाची गोष्ट आहे. ते गाढव वीणेसारखं वाद्य वाजवतं, पण कातडं जाळायचं काम तिथेही सासऱ्याकडेच. त्याच्याही मागे साधारण 1200 च्या सुमाराचं ‘असिनारियुस’ नावाचं लॅटिन काव्य आहे. ग्रिमच्या संग्रहातली पहिलीच गोष्ट बेडूक-राजपुत्राची, आणि तिथे मुलीला बेडकाला ताटाशी घ्यायला लावतो तिचा बाप. पुढे सगळ्यांच्या तोंडी बसलेलं चुंबन मूळ गोष्टीत नाहीच. ती त्या बेडकाला संतापून भिंतीवर आपटते, तेव्हा त्याचा राजपुत्र होतो.

या सगळ्या गोष्टींत राजकन्या म्हणजे शापावरचं औषध. औषधाला कुणी मत विचारत नाही.

मराठीत या साच्याची पहिली जोरदार टिंगल केली ती वगाने. हरिभाऊ वडगावकरांचं ‘गाढवाचं लग्न’ आणि त्यातला दादू इंदुरीकरांचा सावळ्या कुंभार हे ज्यांनी पाहिलं, त्यांच्यासमोर वर्णन करायची सोय नाही. गंधर्वाला शाप होतो, तो गाढव होऊन पृथ्वीवर येतो, सावळ्याच्या घरी पोचतो आणि शेवटी राजकन्येचा नवरा होतो. म्हणजे सांगाडा विक्रमाच्या दंतकथेचाच. फरक आहे तो उजेड कुणावर पडतो यात. जुन्या कथेत कुंभार असलाच तर निरोप्यापुरता. वगात तोच मालक. त्याला आणि त्याच्या बायकोला, गंगीला, स्वर्गाचं कौतुक नाही. पोट, चिखल, भांडण आणि दारात आलेलं हे बोलणारं जनावर, एवढंच त्यांचं जग. देवांची भारदस्त भाषा आणि सावळ्याची गावरान जीभ समोरासमोर आली की गंधर्वाचा सगळा दिमाख गळून पडतो. इंदुरीकरांना या कलेसाठी संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, हे योग्यच झालं. पण माझी एक तक्रार आहे. वगाने स्वर्ग खाली आणला, राजा खाली आणला, राजकन्येला मात्र होती तिथेच ठेवलं. तिचा प्रश्न तसाच राहिला.

तो विचारला शेजारच्या कन्नडने. गिरीश कर्नाड जन्मले माथेरानला, घरची भाषा कोकणी, बालपण शिरसीत गेलं, यक्षगान आणि नाटक कंपन्यांचे खेळ बघत. ‘उंबरठा’ चित्रपटामुळे मराठी प्रेक्षकाला ते घरचेच. त्यांचं ‘हयवदन’ 1971 चं. त्यातली मुख्य गोष्ट मुंडकी अदलाबदल झालेल्या दोन मित्रांची. ती वेताळाच्या कथांतून टोमास मानच्या 1940 च्या जर्मन लघुकादंबरीत गेली आणि तिथून कर्नाडांकडे परत आली. समीक्षक तिच्यावरच लिहितात. मला मात्र नाटकाला नाव देणारा तो दुसरा प्राणी जास्त मोलाचा वाटतो. हयवदनाचं धड माणसाचं आणि डोकं घोड्याचं. कसं झालं हे तो भागवताला, म्हणजे यक्षगानातल्या सूत्रधाराला सांगतो.

त्याची आई कर्नाटकाची राजकन्या. स्वयंवरात एकही राजपुत्र तिच्या मनात भरेना. मग पांढऱ्या घोड्यावर बसून अरबस्तानचा राजपुत्र आला आणि ती मूर्च्छा येऊन पडली. सगळ्यांना वाटलं, जमलं. शुद्धीवर आल्यावर ती म्हणाली, मला तो घोडा हवा. ऐकेचना, तेव्हा लग्न घोड्याशी लागलं. पंधरा वर्षं संसार झाला. एका सकाळी घोडा नाहीसा, आणि त्याच्या जागी देखणा गंधर्व उभा! कुबेराचा शाप होता, माणसाच्या प्रेमाने सुटला, चल आता माझ्यासोबत. कुठल्याही परीकथेत इथे सनई वाजते. ही बाई म्हणते, पुन्हा घोडा होणार असशील तर येते. तो चिडून तिलाच घोडी होण्याचा शाप देतो आणि ती आनंदाने उधळत निघून जाते. मागे राहतं ते अर्धवट लेकरू.

हजार वर्षांच्या गोष्टीचा सांधा एवढ्या एका हट्टाने निखळतो. शाप म्हणजे दुःख आणि मूळ रूप म्हणजे सुख, हे आपण गृहीतच धरलेलं असतं. नवऱ्याचं खरं रूप बायकोला आवडेलच असं कुणी सांगितलं?

पुढे हयवदन पूर्ण व्हायला निघतो. देव, साधू, फकीर सगळे पालथे घालतो आणि अखेर कालीपुढे येतो. कर्नाडांची काली झोपाळू आहे, जांभया देते, भक्तांनी लवकर आटपावं अशी तिची अपेक्षा असते. ‘मला पूर्ण कर’ एवढं ऐकून ती तथास्तु म्हणते. ‘पूर्ण माणूस’ म्हणायला त्याला उसंतच मिळत नाही. तो पूर्ण घोडा होतो, फक्त आवाज माणसाचा राहतो. आवाज फाटून जावा म्हणून तो देशभक्तीची गाणी गात सुटतो. ते गाणं संपल्यावर थिएटरात जे हसू पसरतं, त्यात थोडी अस्वस्थताही असते. कर्नाडांनी पुढे ‘नागमंडल’ (1988) लिहिलं. तिथे नवऱ्याचं रूप घेऊन येतो तो नाग, आणि गोष्ट स्वतःच बाईच्या रूपात मंचावर येऊन बसते, मला सांगा म्हणून हट्ट धरते. ती कथा त्यांना ए. के. रामानुजन यांच्याकडून मिळाली होती.

गोष्टीला स्वतःची इच्छा असते, या कल्पनेवर इंग्रजीत अख्खी कादंबरी आहे. टेरी प्रॅचेटची ‘विचेस अब्रॉड’, 1991. त्याच्या ‘डिस्कवर्ल्ड’ मालेत 41 कादंबऱ्या आहेत. नवख्याने इथून सुरुवात केली तरी चालेल. जेनुआ नावाच्या शहरात एका बाईने सगळ्या गोष्टी सुखान्त करायचा चंगच बांधलाय. खाणावळवाला लठ्ठ आणि हसरा असलाच पाहिजे, खेळणी बनवणारा शीळ घालत नसेल तर तुरुंगात. तिथल्या सिंड्रेलाचं लग्न ठरलंय ते बेडकाचा माणूस केलेल्या सरदाराशी. त्याच्या शयनगृहात तळं आहे. तीन म्हाताऱ्या-तरण्या चेटकिणी हे लग्न मोडायला निघतात. वाटेत त्यांना लाल टोपीवालीच्या गोष्टीतला लांडगा भेटतो. त्या बाईच्या जादूने तो माणसासारखा विचार करायला लागलाय, ना धड लांडगा, ना धड माणूस, आणि त्याला आता मरण हवंय. विनोदी कादंबरीतलं हे पान वाचताना हयवदनाची आठवण होते. प्रॅचेटने कर्नाड वाचले असण्याची शक्यता मला तरी दिसत नाही. दोघांनी एकाच गोष्टीची एकच शिवण उसवली, इतकंच.

मराठीत अशी कादंबरी का झाली नाही, याबद्दल माझं एक मत आहे. ‘मुक्तामाला’ (1861), ‘मंजुघोषा’ (1868) अशा अद्भुतरम्य कादंबऱ्या आपल्याकडे सुरुवातीच्या काळात आल्या. 1885 ला हरिभाऊ आपट्यांची ‘मधली स्थिती’ आली आणि तो सगळा माल बाष्कळ ठरून अडगळीत गेला. आपण त्याला रागावून टाकून दिलं. फिरकी घ्यायला आधी लळा लागतो. तो लळा तमाशाने जपला, बालनाट्याने जपला, कादंबरीने जपला नाही. विडंबन म्हटलं की आपल्याला अजूनही 1925 ची ‘झेंडूची फुले’ म्हणजे कविताच आठवते.

मी राहतो त्या बोम्मसंद्र्याचा इथे संबंध एवढाच, की होसूर रस्त्यावरच्या कारखान्यांत जेवणाच्या एका टेबलाला सांगलीचा, हुबळीचा आणि सेलमचा माणूस सहज बसलेला असतो, आणि असले शापित नवरे प्रत्येकाच्या आजीकडे होते. ऑगस्ट 2025 पासून मेट्रोची पिवळी मार्गिका इथून आर. व्ही. रोडपर्यंत जाते. 16 स्थानकांत ‘हयवदन’चा पहिला अंक वाचून होतो. नाटक बघायचं असेल तर जे. पी. नगरचं ‘रंगशंकरा’ त्याच वाटेवर, रागीगुड्ड्याला उतरून रिक्षा करावी. कन्नड येत नसेल तर कर्नाडांनी स्वतः केलेला इंग्रजी अनुवाद सहज मिळतो.

पुढच्या भागात रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीण. तोवर एक काम करा. गाढव, नाग, बेडूक, कुठल्याही जनावर-नवऱ्याची गोष्ट तुमच्या घरात सांगितली जात असेल तर ती आहे तशी, तुमच्या बोलीत लिहून पाठवा. कातडं जाळलं तेव्हा बायको काय म्हणाली, हे आजीने सांगितलं असेल तर ते अजिबात गाळू नका.