गंजलेली फियाट घ्यावी काय?

जुनी मोटार विकत घेण्याचा विचार मनात आला, तर तो घरात बोलून दाखवण्यापूर्वी माणसाने दोन गोष्टी कराव्यात. बँकेचे पासबुक एकदा पाहून घ्यावे, आणि सौभाग्यवतींचा दुपारचा चहा झाला आहे याची खात्री करून घ्यावी. मी यातले काहीच केले नाही. सौ. भाजी निवडीत बसल्या होत्या, आणि मी एकदम म्हणालो, "अगं, अलिबागजवळ एक अडुसष्टची फियाट आहे. मालक दीड लाखाला देतो म्हणतोय."

"चालते का?"

"चालेल."

"मी 'चालते का' विचारलं, 'चालेल का' नाही."

बत्तीस वर्षे बँकेत लोकांच्या कर्जाचे अर्ज तपासण्यात घालवलेल्या माणसाला या प्रश्नाचे उत्तर देता येऊ नये, यातच सारे आले. गाडी चालत नव्हती. चौदा वर्षे ती एका वाडीत, नारळाच्या झापांच्या छपराखाली उभी होती. पण रंग तोच होता, फिकट निळा. सालही तेच होते. आमच्या अण्णांची गाडी १९६८ची होती.

अण्णांचा दादरला दवाखाना होता. त्या काळी मोटार म्हणजे पैसे टाकले आणि आणली, असा प्रकार नव्हता. आधी नाव नोंदवायचे आणि मग वर्षानुवर्षे वाट पाहायची. अण्णांची गाडी आली तेव्हा शेजाऱ्यांनी पेढे खाल्ले होते. १९८५ साली त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि डॉक्टरांनी गाडी चालवणे बंद करायला सांगितले. गाडी इमारतीखाली ताडपत्रीत गुंडाळून ठेवली गेली. मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलो होतो. 'येत्या रविवारी बॅटरी बदलतो' असे म्हणता म्हणता चार पावसाळे गेले, आणि १९८९ साली भंगारवाला ती ओढून घेऊन गेला. अण्णा गच्चीत उभे होते. ते काही बोलले नाहीत. त्यांनी बोलायला हवे होते, असे मला आजही वाटते.

तेव्हा वाचकहो, हा सौदा निव्वळ दीड लाखाचा नव्हता, हे तुमच्या ध्यानात आलेच असेल.

कुर्ल्याची लेक

फियाट ही जन्माने इटालियन खरी, पण वाढली आपल्या कुर्ल्याला. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. पहिल्यांदा तेथे अमेरिकन गाड्यांची जुळणी होई. पुढे फियाट ११०० आली. तिच्या पहिल्या अवताराचे पुढचे दरवाजे उलट्या बाजूने उघडत आणि नाकाड फुगीर असे, म्हणून मुंबईकरांनी तिला 'डुक्कर फियाट' असे नाव ठेवले. साठीच्या दशकात सरळ रेषांची ११०० डी आली आणि सत्तरीच्या दशकात तिचीच 'पद्मिनी' झाली. इंजिन मात्र तेच राहिले: चार सिलिंडरचे, १०८९ सीसीचे. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबालाच जोडलेला. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ही गाडी बनत होती. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीत तर ती २०२३च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत धावली. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा, त्यामुळे शेवटच्या पद्मिनीलाही तेव्हा निरोप घ्यावा लागला.

हा इतिहास सांगण्याचे कारण व्यवहाराचे आहे. जी गाडी इतकी वर्षे, इतक्या संख्येने बनली, तिचे यंत्र दुरुस्त करणे अवघड नसते. पिस्टन, ब्रेकचे सामान, क्लचप्लेट या वस्तू थोडी पायपीट केली तर अजून मिळतात. कुर्ल्याच्या भंगार बाजारात अख्खे इंजिनही मिळून जाते. मग अडते कुठे? अडते पत्र्यापाशी!

रंगाच्या आधाराने उभी

ज्या मिस्त्रींना मी सोबत नेले, त्यांनी चाळीस वर्षे टॅक्सीच्या फियाटी दुरुस्त केल्या आहेत. ठाण्याहून पेणमार्गे आम्ही तिघे निघालो. मी, मिस्त्री आणि 'मला वरसोलीचा समुद्र पाहायचा आहे' असे कारण सांगून निघालेल्या आमच्या सौ.

गाडी पाहताच माझा जीव भांड्यात पडला. वरून ती झकास दिसत होती. दाराच्या खालच्या कडेला चार-दोन फोड आले होते, एवढेच. मी बॉनेट उघडायला सांगणार, तोच मिस्त्री म्हणाले, "साहेब, इंजिन शेवटी बघायचं. आधी पोट बघू." आणि गोणपाट अंथरून ते गाडीखाली शिरले.

त्या दुपारी मिस्त्रींनी मला जे शिकवले, ते कोणी जुन्या गाडीच्या मोहात सापडला असेल तर त्याच्या उपयोगी पडेल म्हणून येथे नोंदवतो.

पहिली गोष्ट, या फियाटला खाली वेगळी लोखंडी चौकट नाही. अगदी जुन्या मोटारी किंवा ट्रक पाहा. त्यांना खाली भक्कम सांगाडा असतो आणि वर डबा बसवलेला असतो. डबा गंजला तरी सांगाडा टिकतो. फियाटमध्ये तळाचा पत्रा, दारांखालचे पोकळ पत्र्याचे तुळईसारखे भाग आणि बाजू, हे सारे मिळूनच गाडीचा कणा होतो. ते कुजले की गाडीचा कणाच मोडला.

दुसरी गोष्ट, गंज बाहेरून आत जात नाही, बहुधा आतून बाहेर येतो. दाराच्या पोटात शिरलेले पाणी बाहेर पडावे म्हणून तळाला बारीक छिद्रे ठेवलेली असतात. ती धुळीने बुजली की पाणी तेथेच साचते. लोखंड, हवा आणि पाणी एकत्र आले की गंज आलाच. त्यात समुद्राच्या हवेतले मीठ मिसळले म्हणजे तो दुप्पट वेगाने धावतो. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, म्हणून रंगाला फोड येतो. आपल्याला फोड दिसतो तेव्हा आतला जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा पत्रा बहुतेक खाऊन संपलेला असतो.

तिसरी गोष्ट, खिशात लोहचुंबक ठेवावे. रंग खरवडू नये म्हणून ते रुमालात गुंडाळून गाडीच्या अंगावरून फिरवावे. जेथे ते चिकटत नाही, तेथे पत्रा नाही, लांबी भरलेली आहे! मिस्त्रींनी चुंबक सौ.च्या हाती दिले. डाव्या मडगार्डला ते चिकटले, उजव्याला चिकटेना. मागच्या चाकावरच्या कमानीला तर ते दोन्ही बाजूंनी खाली पडले. सौ. समुद्र विसरल्या आणि गाडीभोवती फिरू लागल्या.

मग मिस्त्रींनी दाराखाली जॅक लावला आणि दार उघडे ठेवून गाडी हळूच उचलली. दार परत लावू गेलो तर लागेना, चौकटीत अडकले. चांगल्या गाडीचे दार अशा वेळीही बिनतक्रार लागते. ते अडले, याचा अर्थ कणा वाकतो आहे. शेवटी त्यांनी पेचकसाचे टोक चालकाच्या पायाखालच्या पत्र्यावर सहज टेकवले. ते मुठीपर्यंत आत गेले.

"साहेब," मिस्त्री हात पुसत म्हणाले, "ही गाडी रंगाच्या आधाराने उभी आहे."

इंजिन पाहायचे राहूनच गेले.

कुंडली आणि तिचे दोष

मुलीचे लग्न ठरवताना पत्रिका पाहायची की नाही याविषयी मतभेद असतील, पण जुन्या मोटारीची कागदपत्रे पाहावीत याविषयी नसावेत. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी गाडी परिवहन कार्यालयात दाखवून ती वाढवून घ्यावी लागते. पर्यावरण कर भरावा लागतो. मुदत उलटून गेली असेल तर विलंबाचा आकार साचत जातो. विकणाऱ्याच्या नावावरच गाडी आहे का, चेसिसवरचा आणि इंजिनवरचा आकडा पुस्तकाशी जुळतो का, हे स्वतः डोळ्यांनी वाचावे. मालक हयात नसेल तर वारसाने आधी ती आपल्या नावावर करून घेतलेली बरी. नाहीतर सात-बाराच्या भानगडीसारखी ही भानगडही नातवंडांपर्यंत जाते.

पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ साली केंद्र सरकारने 'विंटेज' नोंदणीचे नियम केले, त्यात अनेकांची समजूत चुकते. हा मान मिळवायचा तर गाडी मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी वा इंजिन यांत भरीव फेरफार झालेला नसावा. आणि एकदा ती या यादीत गेली की रोज बाजारहाटाला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच ती रस्त्यावर आणायची. आपल्याला गाडी दाखवायची आहे की फिरवायची आहे, हे आधीच ठरवावे.

अलिबागच्या गाडीचे पुस्तक मालकाच्या दिवंगत मामांच्या नावावर होते. नोंदणी संपून कितीतरी वर्षे लोटली होती.

आणखी एक बारीकशी गोष्ट. हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि कार्बुरेटरमधले गॅस्केट त्याने खराब होतात. ते सारे बदलण्याचा खर्च हिशेबात धरावा.

कॅलेंडरच्या पाठीवरचा हिशेब

घरी आल्यावर सौ.नी कॅलेंडरचे जुने पान फाडले आणि त्याच्या पाठीवर मिस्त्रींनी सांगितलेले आकडे मांडले. गाडी दीड लाख. पत्रा आणि रंगकाम साडेतीन लाख. इंजिन, ब्रेक, वायरिंग सव्वा लाख. गाद्या, काचांची रबरे, चकचकीत पट्ट्या पाऊण लाख. एकूण सात लाख. "आणि मिस्त्री म्हणाले, उघडल्यावर आणखी निघेल ते वेगळं," त्यांनी खाली लिहिले. त्याच आठवड्यात चालती, कागदपत्रे चोख असलेली एक फियाट आम्हाला सव्वाचार लाखांना सांगितली गेली होती. म्हणजे दीड लाखाची गाडी सव्वाचार लाखांच्या गाडीपेक्षा महाग होती! बत्तीस वर्षे बँकेत काढून हे मला सौ.नी शिकवावे?

मग त्यांनी पेन खाली ठेवले. "पैशाचं जाऊ द्या. फंडातून तीन लाख हौसेला काढले तर काही आपण रस्त्यावर येत नाही. पण मला तीन गोष्टी सांगा. ती ठेवणार कुठे? दुरुस्ती दोन वर्षं लांबली तर थांबायचं कुठे, हे आज ठरवणार का? आणि ती कोणासाठी घेताय?"

पहिल्या प्रश्नाला उत्तर होते. सोसायटीत छपराखालची एक जागा आमची आहे. दुसऱ्याला उत्तर देणे भाग होते. आम्ही एक रकमेची मर्यादा लिहिली आणि खाली दोघांनी सह्या केल्या. तिसऱ्यापाशी मी अडखळलो.

आई आतल्या खोलीत होती. तिला आता अठ्ठ्याऐंशीवे चालू आहे. तिने सारे ऐकले होते. ती म्हणाली, "अरे, अण्णांना गाडी चालवायचं कुठं एवढं वेड होतं? ट्राममधून उतरून चालत जाणारा माणूस तो. त्यांना गाडी पुसायला आवडायची. रविवारी सकाळी दोन तास पुसत बसायचे. पुसताना कोणी पेशंट येत नाही म्हणायचे." थोड्या वेळाने ती म्हणाली, "आणि ती ताडपत्री तू घातलीस ना, त्यांनीच सांगितलं म्हणून घातलीस. पावसात भिजू नये म्हणून. तू काय करणार?"

त्या ताडपत्रीखाली चार पावसाळे दमट हवा कोंडून राहिली होती, आणि मायेने घातलेल्या त्या पांघरुणानेच गाडी कुजली, हे मिस्त्रींच्या शिकवणीनंतर मला कळले होते. आईला ते मी सांगितले नाही. पण तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला मिळाले. गेलेली गाडी काही परत येणार नव्हती, आणि तिची भरपाई म्हणून दुसरी कुजलेली गाडी विकत घेण्यात अर्थ नव्हता. रविवारी दोन तास पुसायला एक गाडी मात्र मला हवी होती. माझ्यासाठी.

अलिबागच्या गृहस्थांना आम्ही नम्रपणे नकार कळवला. आता पुण्यात कोथरूडला एक पद्मिनी आहे म्हणतात. रंग विटलेला, भडक तपकिरी, गाद्या फाटलेल्या, सायलेन्सर ओरडतो. पण कोरड्या हवेत, बंदिस्त गॅरेजमध्ये ठेवलेली, पुस्तक मालकाच्या नावावर आणि नोंदणी चालू. मिस्त्री म्हणतात, असलीच कुरूप मुलगी संसाराला चांगली. मी त्यांना म्हटले, हे सौ.समोर बोलू नका.

येत्या शनिवारी आम्ही ती पाहायला जाणार आहोत. सौदा होईल किंवा होणारही नाही. मर्यादेच्या कागदावर सही आहे. सौ.नी काल रात्रीच सगळी तयारी केली. पाण्याची बाटली, दशम्या, मिस्त्रींसाठी गोणपाट. आणि रुमालात गुंडाळलेले लोहचुंबक त्यांनी स्वतःच्या पर्समध्ये ठेवले आहे. मी मागितले, तर म्हणाल्या, "तुमच्याकडे नको. तुम्ही निळा रंग दिसला की ते खिशातून काढायला विसराल."