लहान ऑनलाइन उद्योगांची विक्री

चालते दुकान विकणे ही गोष्ट आपल्या पेठांना नवीन नाही. जागेचे मोल ठरते, कपाटांचे व शिल्लक मालाचे मोजमाप होते, आणि त्याखेरीज एक रक्कम निव्वळ नावलौकिकापोटी दिली जाते. गिऱ्हाइकाचे पाय आपण होऊन त्या उंबऱ्याकडे वळतात, त्या सवयीची ती किंमत असते. आज ज्या विक्रीचा विचार करावयाचा आहे, तिच्यात उंबरा नाही, कपाटे नाहीत आणि मालही नाही. जे काही विकले जाते, त्याचा मोठा भाग ही सवयच आहे.

नोकरी सांभाळून, रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी, एखादा मनुष्य संगणकावर एखादे छोटे साधन तयार करतो. कधी तो खेळ असतो, कधी हिशेबाचे कोष्टक, कधी दुव्यांची टाचणवही. लोक ते वापरू लागतात. मग एके दिवशी कर्त्याला वेळ पुरेनासा होतो, किंवा चांगली रक्कम देणारा कोणी भेटतो, आणि ते साधन दुसऱ्याच्या हाती जाते. अशा विक्रीसाठी स्वतंत्र बाजारही उभे राहिले आहेत; ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे २००९ साली सुरू झालेला ‘फ्लिपा’ हा त्यांपैकी एक होय.

या सौद्यात नेमके काय हस्तांतरित होते? पहिली वस्तू म्हणजे डोमेन, अर्थात पत्ता असलेले नाव. दुसरी, ज्या आज्ञावलीवर ते साधन चालते ती. तिसरी, सर्व्हर, टपाल आणि पैसे स्वीकारण्याची व्यवस्था यांची खाती व त्यांच्या किल्ल्या. चौथी, वापरणाऱ्यांची नोंद. किंमत बहुधा निव्वळ नफ्यावरून काढतात. दोन ते चार वर्षांच्या नफ्याइतकी रक्कम हा सर्वसाधारण अंदाज समजला जातो. विक्रेता आपल्या श्रमाचा मोबदला हिशेबात धरत नाही आणि नफा फुगलेला दिसतो. म्हणून शहाणा खरेदीदार प्रथम विचारतो की, हे चालविण्यास आठवड्याला किती तास लागतात?

अनोळखी माणसांनी दूरदेशी राहून व्यवहार करावयाचा, तेव्हा ‘आधी पैसे की आधी ताबा’ हा प्रश्न येतोच. त्यावर तोड म्हणून रक्कम त्रयस्थाकडे अनामत ठेवतात. विक्रेता डोमेन व खाती सोपवितो, खरेदीदार ठरलेल्या मुदतीत सर्व तपासून पाहतो, आणि मगच त्रयस्थ ती रक्कम विक्रेत्याला देतो. येथवर सर्व आपल्या खरेदीखतासारखेच आहे. पुढचा भाग मात्र निराळा आहे, आणि तोच महत्त्वाचा.

‘वर्डल’ हा पाच अक्षरी इंग्रजी शब्द ओळखण्याचा खेळ घ्या. न्यूयॉर्कमध्ये राहणारे जॉश वॉर्डल यांनी तो आपल्या जोडीदारासाठी रचला. १ नोव्हेंबर २०२१ रोजी तो खेळणारे ९० जण होते. दोन महिन्यांनी ही संख्या तीन लाखांवर गेली. ३१ जानेवारी २०२२ रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने तो विकत घेतल्याचे जाहीर केले. एकट्या माणसाला हा भार जड झाला होता, असे वॉर्डल यांनी मोकळेपणाने सांगितले. विक्री सचोटीची होती, तरीही नव्या पत्त्यावर जाताना काही खेळाडूंची सलग विजयांची मालिका पुसली गेली. कारण साधे होते. ती मालिका मूळ स्थळाच्या दप्तरात नव्हतीच. ती प्रत्येक खेळाडूच्या स्वतःच्या ब्राउझरमध्ये, जुन्या पत्त्याशी बांधलेली होती. पत्ता बदलला की अशी किती धाग्यांची बांधणी तपासावी लागते, हे यावरून ध्यानात येईल.

दुसरे उदाहरण ‘डिलिशस’चे. जोशुआ शॅक्टर यांनी नोकरी करीत असतानाच २००३ साली हे दुवे साठविण्याचे स्थळ सुरू केले आणि २००५ साली ते ‘याहू’ला विकले. पुढे ते एकाकडून दुसऱ्याकडे असे अनेक हातांत फिरले. अखेरीस २०१७ साली, त्याच प्रकारचे ‘पिनबोर्ड’ हे स्थळ एकट्याने चालविणारे माचेय त्सेग्वोव्स्की यांनी ते ३५,००० डॉलरना घेतले. त्यांनी नवी भर घालणे बंद केले, पण लोकांनी पूर्वी साठविलेले दुवे वाचता येतील अशी सोय ठेवली. एकेकाळी मोठ्या कंपनीने हौसेने घेतलेली वस्तू तिथे टिकली नाही. शेवटी तिची कदर एका छोट्या दुकानदाराने केली. मोठा खरेदीदार म्हणजे चांगला वारस, असे समजण्याचे कारण नाही.

तिसरे उदाहरण कटू आहे. ‘द ग्रेट सस्पेंडर’ नावाचे एक पूरक साधन ब्राउझरचा भार हलका करीत असे. वीस लाखांवर लोक ते वापरीत. जून २०२० मध्ये ते एका अज्ञात खरेदीदाराला विकले गेले, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यात घातक आज्ञा असल्याचे सांगून गूगलने ते काढून टाकले. अशी साधने आपोआप अद्ययावत होतात. मालक बदलला हे वापरणाऱ्याला कळतही नाही. घराची किल्ली तीच राहते, बाळगणारा मात्र बदलतो. ‘पॉलिफिल’ या सेवेचेही तेच झाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिचे डोमेन नव्या मालकाकडे गेले आणि जूनमध्ये, तिच्यावर विसंबलेल्या लाखाहून अधिक संकेतस्थळांच्या वाचकांपर्यंत अपायकारक आज्ञा पोहोचू लागल्या.

यावरून काही कर्तव्ये निघतात. विक्रेत्याने रकमेइतकीच खरेदीदाराचीही चौकशी करावी. जो आपले नाव सांगण्यास तयार नाही, त्याला वापरणाऱ्यांचा विश्वास सोपवू नये. मालकी बदलत असल्याचे वापरणाऱ्यांना आगाऊ कळवावे आणि ज्याला जावयाचे असेल त्याला आपली माहिती घेऊन जाण्यास अवधी द्यावा. आवश्यक नाही ती माहिती विक्रीपूर्वीच नष्ट करावी. कामाची रीत लिहून द्यावी आणि काही आठवडे नव्या मालकाच्या हाकेला ओ द्यावी. खरेदीदारानेही उत्पन्नाचे आकडे चित्रावरून मानू नयेत. बँकेच्या नोंदींशी ते ताडून पाहावेत.

आपल्या कायद्याचा एक मुद्दा येथे लागू पडतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम २७ प्रमाणे व्यवसायास बंदी घालणारा करार निरर्थक ठरतो. परंतु नावलौकिक विकणाऱ्याने ठराविक स्थानिक हद्दीत तोच धंदा न करण्याचे मान्य केले, तर ते, हद्द वाजवी असल्यास, ग्राह्य धरले जाते. हे कलम पेठेतल्या दुकानासाठी लिहिले गेले. ज्या दुकानाला गावच नाही त्याची स्थानिक हद्द कोणती, याचा विचार दोन्ही पक्षांनी वकिलासमक्ष आधीच केलेला बरा.

दुकान विकले तर गिऱ्हाईक नवा चेहरा पाहते आणि पटले नाही तर पुढच्या दुकानी जाते. येथे चेहरा दिसत नाही, म्हणून सांगण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर येते. आपण केलेली वस्तू विकण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. पण ज्यांनी तिच्यावर भरवसा ठेवला, त्यांना ती कोणाच्या हाती जात आहे हे समजण्याचाही तितकाच हक्क आहे.