विकेंद्रित समाजमाध्यमे : टांगा कोणाचा, हाकणारा कोण?

समाजमाध्यमाची निवड हा वरवर तांत्रिक प्रश्न वाटतो. वस्तुतः तो सत्तेचा प्रश्न आहे. आपला शब्द कोणाच्या मालकीच्या जागेत उभा आहे आणि तो कोण पुसू शकतो, हे आधी पाहिले पाहिजे. नोव्हेंबर २०१९ मध्ये पत्रकार दिलीप मंडल यांच्या ट्विटर खात्यावर निर्बंध आले. त्याच सुमारास वकील संजय हेगडे यांचे खाते बंद झाले. दलित-बहुजनांनी ट्विटरवर जातीयतेचा उघड आरोप केला आणि अनेक भारतीय मॅस्टोडॉनकडे वळले.

मॅस्टोडॉन २०१६ मध्ये जर्मनीत ऑयगेन रोख्को यांनी सुरू केले. ते अनेक स्वतंत्र सर्व्हरांचे जाळे आहे. प्रत्येकाचा चालक वेगळा, नियम वेगळे. परंतु संदेशवहनाची पद्धत सामायिक असल्याने एका सर्व्हरवरचा माणूस दुसऱ्यावरच्या माणसाशी बोलू शकतो. सर्व्हर बदलताना आपले अनुयायी सोबत नेता येतात. जुना मजकूर मात्र मागेच राहतो. खासगी संदेशही चालकाला पाहता येतात, हे कार्यकर्त्यांनी विसरू नये.

ब्लूस्कायची योजना २०१९ मध्ये ट्विटरमध्येच आखली गेली. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते सर्वांना खुले झाले. तेथे मजकुरासह खाते हलवण्याची सोय मूळ रचनेतच आहे. कोणता मजकूर झाकावा, हे ठरवणाऱ्या याद्या इतर गटही तयार करू शकतात. परंतु बहुसंख्य खाती आजही एकाच कंपनीच्या यंत्रांवर आहेत.

तथापि विकेंद्रीकरण म्हणजे समता नव्हे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी ग्रामव्यवस्थेचे गोडवे गाणाऱ्यांना कठोर उत्तर दिले. सत्ता दिल्लीहून गावात आली म्हणजे ती महारवाड्यात पोचत नाही. सर्व्हरही एक गावच असतो. जातीची जाण नसलेला चालक जातिवाचक शिवीकडे दुर्लक्ष करील, किंवा तक्रार करणाऱ्यालाच बाहेर काढील. एक सर्व्हर दुसऱ्याशी संबंध तोडू शकतो; हे हत्यार जातद्वेष्ट्यांविरुद्ध चालते, तसेच आपल्याविरुद्धही.

मग आपलाच सर्व्हर का उभारू नये? येथे चाळीसगावची १९२९ सालची घटना आठवावी. बहिष्कृत गावाची चौकशी करून बाबासाहेब चाळीसगाव स्टेशनवर परतले, तेव्हा अस्पृश्याला टांग्यातून नेण्यास टांगेवाल्यांनी नकार दिला. शेवटी तडजोड झाली : टांगा भाड्याने मिळेल, हाकणारा तुम्ही आणा. टांगा हाकण्याचा सराव नसलेला आपलाच माणूस पुढे बसला. नदीवरच्या फरशीवर चाक दगडाला धडकले, बाबासाहेब बाहेर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. मानापेक्षा प्रवाशाची सुरक्षितता मोठी, हे आपले लोक विसरले, असे पुढे त्यांनीच नोंदवले. दोष अर्थातच नकार देणाऱ्या व्यवस्थेचा होता. पण धडा आपल्यासाठी आहे.

सर्व्हर भाड्याने घेणे आज सोपे आहे. हाकणारे तयार करणे कठीण. रात्री-अपरात्री येणाऱ्या तक्रारी पाहणे, मजकुराच्या प्रती राखणे, दरमहाचे भाडे भरणे, ही कामे एका उत्साही विद्यार्थ्याच्या खांद्यावर टाकली, तर त्याची परीक्षा आली की सर्व्हर बंद पडेल आणि सर्वांचे लेखनही त्याबरोबर जाईल.

म्हणून निवडीपूर्वी तीन प्रश्न विचारावेत. नियम कोण करतो आणि त्यांत जातीचा उल्लेख आहे काय? सोडून जाताना काय नेता येते? खर्च व देखभाल कोणाकडे आहे? ज्या मंडळाकडे निदान तीन-चार शिकलेले हात आणि वर्षभराची वर्गणी नाही, त्याने तूर्त जातीविषयी स्पष्ट नियम असलेल्या, जुन्या सर्व्हरवर खाते उघडावे, लेखनाची प्रत स्वतःजवळ ठेवावी आणि दरम्यान आपली माणसे शिकवावीत. स्वतःचा सर्व्हर हे ध्येय जरूर असावे. पण आधी हाकणारे घडवावेत, मग टांगा घ्यावा.