पोस्ट किती, उत्तरं किती

सोयाबीनचा हंगाम सुरू झाला की लातूरच्या आडत बाजारातून शेतकऱ्यांच्या मोबाइलवर रोजचा भाव येतो. मेसेज तीन-चार ओळींचा असतो. तारीख, मालाचं नाव, कमाल, किमान आणि सरासरी दर. कधी आवक किती आणि ओलावा किती, तेही. औशाचा किंवा निलंग्याचा शेतकरी तेवढ्यावर ठरवतो की पोती आज टेम्पोत भरायची की आठ दिवस थांबायचं. 2024-25 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4892 रुपये होता, खुल्या बाजारातला दर त्याच्या खाली रेंगाळत होता, आणि सरकारी खरेदीतली ओलाव्याची मर्यादा 12 वरून 15 टक्क्यांवर न्यावी लागली. अशा दिवसांत रोजचा मेसेज कुणाला जड होत नाही. तरीही धंद्यानं सोशल मीडियावर किती दिसावं, याचं उत्तर आठवड्याला अमुक पोस्ट असं देण्याची पद्धत पडली आहे. भावाचा मेसेज वर्षभर रोज आला तरी चालतो, मग आकडा हे माप असूच शकत नाही. माझ्या मते माप एकच आहे: पोस्टमुळे गिऱ्हाइकाच्या मनात जो प्रश्न उठतो, त्याचं उत्तर द्यायला धंदा मोकळा आहे का? भावाच्या मेसेजमध्ये उत्तर आधीच असतं.

नांदेडच्या वजिराबादसारख्या पेठेतलं कापड दुकान याच मापानं पाहावं. जून 2020 मध्ये टिकटॉकवर बंदी आली, जुलैत इन्स्टाग्रामचे रील्स भारतात सुरू झाले आणि साडी दाखवायची रीतच बदलली. व्हिडिओत घडी उलगडते, पदर कॅमेऱ्यासमोर धरला जातो, काठावरून बोट फिरतं, मागे चालू सिनेमाचं गाणं. किंमत मात्र सांगत नाहीत. खाली एकामागून एक तोच प्रश्न: ‘किंमत?’, ‘प्राइस प्लीज’, ‘नायगावला पाठवता का?’ आणि प्रत्येकाला एकच ठरलेलं उत्तर: ‘मेसेज करा’. मेसेज केल्यावर तो उघडणार कोण? लहान दुकानात व्हिडिओ काढणारा पोरगाच गादीवर साड्या दाखवतो, घड्या घालतो आणि फॉल-पिकोचं बघतो. लग्नसराईत त्याला पाणी प्यायलाही फुरसत नसते, आणि नेमके त्याच दिवसांत रील्स वाढवले जातात. मुखेडहून विचारणाऱ्या बाईला दोन दिवस उत्तर मिळत नाही, तेव्हा एरवी आलेलं गिऱ्हाईक त्या व्हिडिओनंच परतवून लावलेलं असतं. अतिरेक सुरू होतो तो इथं.

यावर दुकानदारांचं म्हणणं असतं की रोज टाकलं नाही तर अल्गोरिदम मागं ढकलतो, आणि समोरचं दुकान तर दिवसाला तीन टाकतं. किंमत लपवली की कमेंट वाढतात आणि कमेंट वाढल्या की व्हिडिओ पुढं जातो, हेही ते अनुभवानं सांगतात. यातलं बरंचसं खरं आहे. पण व्हिडिओ पुढं जातो तो कुठं? नांदेडच्या दुकानाचं बांधलेलं गिऱ्हाईक लोहा, कंधार, भोकर, हदगावचं. लाखभर लोकांनी पाहिलेला व्हिडिओ भलत्याच राज्यात फिरला आणि दुकान कुरिअरनं माल पाठवत नसेल, तर त्या लाखातून गल्ल्यात काही पडत नाही. कुरिअरवरच ज्याचा धंदा आहे त्याची गोष्ट वेगळी. त्यानं भरपूर टाकावं, त्याची माणसं फोनवरच बसलेली असतात. नव्या दुकानालाही सुरुवातीला ओळख होईपर्यंत जास्त दिसावं लागतं. जुन्या दुकानाला मात्र व्हॉट्सअॅपची ब्रॉडकास्ट यादी पुरते. तिच्यात 256 च माणसं बसतात आणि ज्यांनी दुकानाचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच मेसेज पोचतो. ही अडचण मानली जाते. मला ती या साधनातली सगळ्यात चांगली गोष्ट वाटते, कारण ऐकायला तयार असलेलीच माणसं तिथं उरतात.

लातूर आणि नांदेडमध्ये सगळ्यात मोठा गजर कोचिंग क्लासेसचा. ‘लातूर पॅटर्न’ म्हणतात त्या इथल्या शिकवण्याच्या पद्धतीचा लौकिक रील्सच्या कितीतरी आधीचा, निकालाच्या जोरावर तोंडोतोंडी पसरलेला. आता नीटचा निकाल लागला की गुणांचे आकडे आणि हसरे फोटो यांची रांग लागते. पालकाचा प्रश्न साधा असतो: हा मुलगा इथं दोन वर्षं शिकला की नुसती सराव परीक्षा द्यायला आला? ते पोस्टमध्ये नसेल तर शंभर फोटो टाकूनही प्रश्न तिथंच राहतो. शेवटी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला नोव्हेंबर 2024 मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढावी लागली. यशस्वी विद्यार्थ्याचं नाव किंवा फोटो वापरायचा तर निवडीनंतर त्याची लेखी संमती हवी, आणि त्यानं कोणता कोर्स किती काळ केला हेही सांगायला हवं. पोरांच्या भविष्यासाठी शेत गहाण टाकणारे पालक या जाहिराती वाचतात, म्हणून हा नियम मला किरकोळ वाटत नाही.

वजिराबादच्या त्या दुकानानं फोनवर एक जादा माणूस बसवला तर खुशाल रोज रील टाकावा. तेवढी ऐपत नसेल तर आठवड्याला दोनच टाकावेत, साडीवर किंमत लिहावी, कुठं पाठवतो ते लिहावं, आणि लग्नसराईच्या ऐन गर्दीत फोन बाजूला ठेवून गादीवर आलेल्या माणसाकडं बघावं.