सायकल घेण्यापूर्वी रस्ता आणि ओझे पाहा



जून लागला, शाळा उघडल्या की घरोघरी सायकलीचा विषय निघतो. बाजाराच्या दिवशी दुकानात गेले की मुलांची नजर आधी जाते ती मागेपुढे शॉकअप असलेल्या, जाड टायरच्या सायकलीवर. "घ्यायची तर हीच!" असा हट्ट होतो आणि आपणही पोराचे मन मोडत नाही. पण दात पाहिल्याशिवाय आपण बैल घेतो का? मग सायकल नुसती रंग बघून का घ्यावी?

गेल्या पावसाळ्यात शिवारफेरीला गेलो असता एका गोठ्याच्या भिंतीला अशीच सायकल टेकवलेली दिसली. घेऊन वर्षही झाले नव्हते. सकाळी वडील तीवरून डेअरीला दूध घालायचे, मग मुलगी शाळेला न्यायची. मागचा शॉकअप बसला, सांधा ढिला झाला, चाक डुलू लागले. तालुक्याला तो भाग काही मिळेना. मुलगी रोज चार किलोमीटर पायी जायची आणि पाऊस जोराचा असला की घरीच राहायची. सायकल वाईट नव्हती, ती त्या कामाची नव्हती.

ही सायकल मुळात डोंगरातल्या खडकाळ पायवाटांवर वेगाने चालवणाऱ्यांसाठी निघाली. त्यांच्यातही प्रकार आहेत. चढ-उतार दोन्ही करणाऱ्याला मागचे चाक 100 ते 120 मिलिमीटर वरखाली झाले की पुरते. नुसत्या उताराच्या शर्यतीवाल्याला 200 मिलिमीटरच्या आसपास लागते. म्हणजे तिथेही जशी चाल तशी सायकल. चांगल्या शॉकअपमध्ये धक्का जिरवायला तेल असते. स्वस्त सायकलीत बहुधा नुसती स्प्रिंग असते. ती दबते आणि तशीच उसळते. चढाला पायडल मारताना पायाचा बराच जोर ती स्प्रिंग दाबण्यातच जातो.

आता आपले काम पाहू.

दूध, वैरण, पोते न्यायचे असेल तर मागे शॉकअप नकोच. त्याचे मागचे चाक हलते असते, त्यामुळे भक्कम कॅरेज बसत नाही. वीस लिटरचा कॅन म्हणजे वीस किलोच्या वर ओझे. त्याला साधी, दांडीची, जाड आऱ्यांची सायकलच बरी.

शाळेची वाट डांबरी किंवा मुरमाची असेल तर साधी सायकल घ्या, टायर थोडे रुंद पाहा. हवा बेताची ठेवली की निम्मे धक्के टायरच खातो. वाट फारच दगडगोट्यांची असेल तर पुढे शॉकअप चालेल. काळ्या रानातून जायचे असेल तर टायर आणि मडगार्ड यांत बोटभर तरी जागा हवी, नाहीतर चिखल बसून चाक जाम होते.

डोंगरवाटांवर हौसेने हिंडणाऱ्या तरुणाने मात्र दोन शॉकअपची जरूर घ्यावी, पण पारखून. सीटवर बसा. मागचा शॉकअप एकूण दबतो त्याच्या पाव हिस्सा किंवा थोडा अधिक दबला पाहिजे. अगदीच बसला किंवा हललाच नाही, तर ती तुमच्या वजनाची नाही. मग मागचे चाक धरून आडवे हलवा. खटखट वाजले तर सांधा ढिला समजा. सुटे भाग कुठे मिळतील, हे पैसे देण्याआधीच विचारा.

माप सर्वांनीच पाहावे. दोन्ही पाय जमिनीवर टेकून उभे राहिल्यावर दांडी अंगाला लागू नये. "पुढे वाढेल" म्हणून मुलाला मोठी सायकल देऊ नका, पडण्याची भीती असते.

मानव विकास कार्यक्रमातल्या 125 तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी अनुदान आहे. 2022 साली ते 5000 रुपये झाले. सायकलीची पावती जपून ठेवा, शाळेत द्यावी लागते. मुख्याध्यापक आणि ग्रामपंचायतीच्या मंडळींनी खरेदीआधी पालकांना चार शब्द सांगावेत. शाळेत एक पंप आणि पंक्चरचे सामान ठेवले तर कितीतरी मुलींचे खाडे वाचतील.

तेव्हा दुकानात जाण्याआधी घरीच ठरवा : रस्ता कोणता, ओझे किती, चालवणार कोण? एवढे ठरले की सायकल आपोआप ठरते.