गाडी थांबते, सामान थांबत नाही

मैत्रिणींनो, आपल्याकडे गाडी कोणी चालवायची हे जसं ठरलेलं असतं, तसं गाडीत सामान कोणी भरायचं हेही ठरलेलं असतं. ते काम बायकांचं. “तूच बघ गं, तुझं ते बोचकं कुठे बसतंय,” असं म्हणून घरातले पुरुष चहा प्यायला जातात. मग आपण पिशव्या, डबे, फणस, तांदळाचं पोतं असं सगळं जागा दिसेल तिथे कोंबतो. डिकीचं झाकण एकदाचं लागलं की जिंकलो!

मीही तशीच जिंकले होते. माझं माहेर खेडचं, सासर पोलादपूरचं. मध्ये कशेडी घाट. २०११ सालच्या मे महिन्यात माहेराहून परत येत होतो. आईने हौसेने तिचा लोखंडी खलबत्ता दिला होता. डिकी फणसांनी आणि कोकमांनी भरलेली. मग मी तो खलबत्ता मागच्या सीटच्या पाठीमागे, काचेजवळच्या फळीवर ठेवला. वर ओढणी टाकली, म्हणजे दिसायला नको. घाट उतरताना एका वळणावर गाय आडवी आली. ह्यांनी करकचून ब्रेक दाबला. गाय वाचली, गाडीला ओरखडासुद्धा नाही. पण मागून बत्ता सुटला आणि माझ्या सहा वर्षांच्या पुतणीच्या कानशिलाला घासून पुढे पडला. तीन टाके पडले. डॉक्टर म्हणाले, “बोटभर इकडे असता तर डोळा गेला असता.”

जाऊबाई मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. खलबत्ता तिथे मी ठेवला होता, दुसऱ्या कोणी नाही.

तेव्हापासून मला एक गोष्ट पक्की कळली आहे. ब्रेक दाबला की गाडी थांबते, आतलं सुटं सामान थांबत नाही. ते आधीच्याच वेगाने पुढे जातं. हिशेब करून बघा. ताशी पन्नास किलोमीटर वेगाने जाणारी गाडी धडकून सेकंदाच्या दहाव्या हिश्शात थांबली, तर आतली पाच किलोची वस्तू पुढच्या माणसावर सत्तर किलोच्या जोराने आदळते. पाच किलो म्हणजे काय? पिठाची एक पिशवी. आणि पन्नासचा वेग म्हणजे आपल्याला ‘हळूच चाललोय’ वाटतो तो.

आता गाडीच्या सजावटीच्या दुकानात गेलात, तर तऱ्हेतऱ्हेच्या वस्तू दिसतात. डिकीत ठेवायचे कप्प्यांचे खोके, जाळ्या, सीटच्या पाठीला लटकवायचे खिसे, टपावरचे कॅरिअर, हुकाच्या रबरी दोऱ्या, ओढायचे पट्टे. दुकानदार रंग दाखवतो, सीट कव्हरला मॅच होतंय का ते दाखवतो. आपणही साडीवर ब्लाऊजपीस बघावं तसं बघतो. त्यापेक्षा त्याला तीन प्रश्न विचारा. हे गाडीला कशाने धरून राहणार? किती वजन पेलणार? आणि पावसात, मासळीच्या पाण्यात खराब झालं तर धुता येणार का? या तिन्हींची उत्तरं नीट मिळाली तरच पर्स उघडा.

डिकीपासून सुरुवात करू. कप्प्यांचं खोकं घ्यायचं असेल, तर त्याचा तळ घट्ट हवा आणि तळाला घसरू न देणारी पट्टी हवी. बऱ्याच गाड्यांच्या डिकीत जमिनीला किंवा बाजूला कड्या असतात. त्या आपण कधी बघितलेल्याच नसतात, कारण त्यांच्यावर नेहमी काहीतरी ठेवलेलं असतं! खोक्याचे हूक त्या कड्यांत अडकतात का ते दुकानातच, आपल्या गाडीत लावून बघा. सुटं खोकं म्हणजे सुटं सामानच, फक्त नीटनेटकं. एवढा खर्च नको असेल तर भाजीवाल्यांकडे असतो तसा प्लास्टिकचा क्रेट आणि एक चांगला पट्टा एवढ्यातही काम होतं. आमच्या घरी तेच आहे. धुऊन उलटा घातला की दुसऱ्या दिवशी तयार.

भरतानाचा नियम आपल्या फडताळासारखाच. जड ते खाली, हलकं ते वर. आणि जड वस्तू डिकीच्या दाराशी नाही, तर मागच्या सीटच्या पाठीला अगदी टेकवून. म्हणजे ब्रेक लागला तरी तिला धावायला जागाच उरत नाही. सगळा भार टोकाला गेला की गाडी मागे बसते, पुढची चाकं हलकी होतात आणि रात्री दिव्यांचा झोत रस्त्यावर पडण्याऐवजी समोरच्याच्या डोळ्यांत जातो. मागच्या सीटवर कोणी नसेल तरी तिथले पट्टे लावून ठेवा. सीटच्या पाठीला तेवढाच आधार. काचेजवळच्या त्या फळीवर मात्र रुमालाशिवाय काही नाही. आणि गणपतीच्या गर्दीत लहान पोरांना डिकीत सामानावर बसवतात, ते तर अजिबात नको. मागून एखादी गाडी ठोकली, तर सगळ्यात आधी तिथेच लागतं.

गणपतीवरून आठवलं. आपल्याकडचे कितीतरी जण पेणहून मूर्ती आणतात. भक्तिभावाने पुढच्या सीटवर कोणीतरी मूर्ती मांडीवर घेऊन बसतं. पण पुढे एअरबॅग असेल आणि ती फुगली, तर मूर्तीही जाते आणि माणसालाही इजा होते. त्यापेक्षा मागच्या सीटवर पाट ठेवून त्यावर मूर्ती ठेवावी, चारही बाजूंनी गोधड्यांच्या घट्ट वळकट्या लावाव्या आणि पाटावरून सीटचा पट्टा घ्यावा. शाडूची मूर्ती जड आणि ठिसूळ, तिला ही काळजी जास्तच. देवाला पट्टा बांधला म्हणून तो रागावत नाही.

आता टपावरचं कॅरिअर. गाडीच्या पुस्तिकेत टपावर किती किलो चालतं ते लिहिलेलं असतं आणि त्यात कॅरिअरचं स्वतःचं वजनही धरायचं असतं. तो आकडा आपण समजतो त्यापेक्षा खूप कमी असतो. टपावर भार चढला की वळणावर गाडी झुलते. आंबेनळी घाटातून महाबळेश्वरला कधी गेला असाल, तर एकामागून एक वळणं आठवत असतील. तिथे हे झुलणं पोटात गोळा आणतं. म्हणून वर फक्त हलकं आणि पसरट सामान. गाद्या, चटया, कपड्यांच्या बॅगा. तांदूळ आणि नारळ खालीच. भरलेल्या गाडीला चाकांत हवाही जास्त लागते. किती, ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या कागदावर बहुधा सापडतं. आणि घाट उतरताना खालचा गिअर टाकायला सांगा, नुसत्या ब्रेकवर उतरलं तर ब्रेक तापतात.

बांधायला रबरी हुकाची दोरी स्वस्त आणि सोपी म्हणून आपण घेतो. ती गाद्यांवरची चादर उडू नये एवढ्यापुरतीच. जड सामानाला ती ताणली जाते आणि निसटली तर हूक थेट तोंडावर येतो. नायलॉनच्या दोरीची गाठ घसरते, शिवाय उन्हात ती कुजत जाते. सगळ्यात चांगला तो दातेरी कडीने आवळायचा रुंद पट्टा. त्याच्यावर किती भार पेलतो ते छापलेलं असतं, ते वाचून घ्यावा. दर पावसाळ्यानंतर त्याच्या कडा तपासाव्या. फाटलेला पट्टा मायेने जपू नये. निघाल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी एकदा थांबून पट्टा पुन्हा आवळावा, कारण सामान हलून बसतं. आणि ताडपत्रीचं टोक मागच्या दिव्यांवर किंवा नंबरप्लेटवर लोंबत नाही ना, एवढं बघावं. गाडीबाहेर येणाऱ्या सामानाला कायद्यात २०१९च्या दुरुस्तीपासून २०,००० रुपये दंड आहे. बांबू आणि पत्रे नेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

बचत गटातल्या मैत्रिणींना आता वेगळं सांगते. प्रदर्शनाला पापड, नाचणीचं पीठ, कुळीथ न्यायचे म्हणून आपण पिकअप नाहीतर छोटा हत्ती ठरवतो आणि मग भाडं वाचावं म्हणून मागे हौद्यात पोत्यांवर आपणच बसतो. मीही बसले आहे, गाणी म्हणत गेले आहे. पण मालाच्या गाडीत माणसं नेणं नियमाला धरून नाही आणि अपघात झाला तर विम्याच्या भरपाईला अडचण येते. वळणावर पोतं सरकलं, तर धरायला काही नसतं. गटाच्या हिशेबात एसटीचं तिकीट धरा. तो खर्च खर्च नव्हे.

भरणं किती महत्त्वाचं, हे आम्ही महापुरात बघितलं. २२ जुलै २०२१ला महाड बुडालं. त्याच दिवसांत तळिये गावावर दरड कोसळली, आमच्या तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर दरडी आल्या. नंतर ठिकठिकाणांहून मदतीच्या गाड्या आल्या. देणाऱ्यांचं मन मोठं, पण घाईत भरलेल्या. एका टेम्पोत जुन्या कपड्यांचे गठ्ठे वर आणि पिण्याचं पाणी, मेणबत्त्या, औषधं तळाला. रात्री चिखलात उभं राहून अर्धा टेम्पो रिकामा केला, तेव्हा पाणी हाताला लागलं. बिस्किटांचा तर भुगाच झाला होता. दुसरी एक गाडी आली, तिच्यात प्रत्येक खोक्यावर आत काय ते मोठ्या अक्षरात लिहिलेलं आणि पाणी दाराशी. वीस मिनिटांत वाटप सुरू झालं. तेव्हापासून आमच्या गटाचा नियम आहे, जे आधी लागणार ते शेवटी भरायचं आणि खोक्यावर नाव लिहायचं. डब्यांवर ‘हळद’, ‘मोहरी’ लिहिणाऱ्या आपल्याला हे काय नवीन!

शेवटी ओढण्याबद्दल. बंद पडलेली गाडी ओढायची वेळ कोणावरही येते. घरात असते ती विहिरीची दोरी किंवा म्हशीचा कासरा काढू नका. ओढण्यासाठीचा खास पट्टा मिळतो. आपल्या गाडीच्या वजनापेक्षा चांगल्या जास्त भाराचा घ्यावा. गाडीच्या अवजारांत बहुतेकदा एक लोखंडी कडी असते, ती बंपरवरचं छोटं झाकण काढून आत आटवायची. पट्टा तिलाच लावायचा, बंपरला नाही. दोन गाड्यांत पाच मीटरपेक्षा जास्त अंतर नको आणि ओढली जाणारी गाडी चालवायला माणूस हवाच. तिचं इंजिन बंद असतं, त्यामुळे ब्रेक आणि स्टिअरिंग दगडासारखं जड लागतं. म्हणून सपाटीवर, हळू, जवळच्या गॅरेजपर्यंत ठीक. घाटात मात्र हा उद्योग नको. गाडी कडेला घ्या, मागे इशाऱ्याचा लाल त्रिकोण ठेवा, क्रेन बोलवा. ऑटोमॅटिक आणि विजेवरच्या गाड्या तर चाकांवर ओढायच्याच नाहीत, नाहीतर दुरुस्तीचा मोठा खर्च पदरी येतो.

आणि मागे ट्रॉली जोडायची झाली, तर ट्रॉलीचीही नोंदणी लागते, तिला दिवे लागतात. पिन निसटली तर धरायला साखळी हवी आणि मागे लाल परावर्तक हवेतच. वाईकडे ऊस हंगामात रात्री गेलेल्या बायकांना विचारा, बिनपरावर्तकाची ट्रॉली अंधारात अचानक पुढे उभी राहिली की काय होतं ते. गाडीच्या पुढे शोभेचे लोखंडी दांडे लावायची मात्र हौस नको. २०१७ सालीच केंद्राने त्यांच्यावर कारवाई करायला राज्यांना सांगितलं आहे. धडक झाली तर ते पायी चालणाऱ्याला जास्त इजा करतात.

आता कशेडीला बोगदा झाला. माहेर जवळ आलं. खलबत्ता अजून आहे, पण तो प्रवास करत नाही. पुतणी कॉलेजात आहे. कानशिलावरची खूण केसांखाली झाकली जाते, पण मला दिसतेच. गेल्या दिवाळीत आम्ही निघताना तिने डिकी उघडली, क्रेटचा पट्टा ओढून बघितला आणि मला म्हणाली, “काकी, ही तुपाची बरणी सुटी आहे हं.”

मी काही न बोलता बरणी क्रेटमध्ये ठेवली. ह्यांचा चहा तोवर झाला होता. मी त्यांनाही बोलावलं आणि म्हटलं, “या, पट्टा आवळायला दोन हात लागतात.”